‘हरित’ या विशेषणाची चिकित्सा : प्रकाशमान कार्बन डॉटविषयक संशोधनवाङ्मयाचा परामर्श

प्रस्तावना

नॅनोविज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासात कार्बन डॉटइतका अल्पखर्चिक, आणि म्हणूनच महाविद्यालयीन प्रयोगशाळांना जवळचा वाटलेला पदार्थ क्वचितच सापडेल. व्यास साधारणतः दहा नॅनोमीटरपेक्षा कमी, घडण मुख्यतः कार्बनची, पृष्ठभागावर ऑक्सिजन व नायट्रोजनयुक्त गट असल्यामुळे पाण्यात सहज विखुरण्याचा गुण, आणि अतिनील दिव्याखाली धरले असता निळा, हिरवा व क्वचित तांबडा प्रकाश देण्याची क्षमता, ही या कणांची ओळख होय. ते तयार करण्यासाठी लागणारी सामग्रीही बेताचीच असते. एखादे फळ, पान वा साल, टेफ्लॉनचे अस्तर असलेला पोलादी ऑटोक्लेव्ह, एक ओव्हन आणि एक अतिनील दिवा एवढ्यावर काम सुरू होते. निर्वात कक्ष, लेसर, अतिशुद्ध वायू यांपैकी कशाचीही गरज पडत नाही.

या सुलभतेमुळे गेल्या सुमारे पंधरा वर्षांत या विषयावर शोधनिबंधांचा पूर लोटला आहे. त्यांतील फार मोठ्या संख्येच्या शीर्षकांत ‘हरित संश्लेषण’, ‘पर्यावरणस्नेही पद्धती’, ‘शाश्वत मार्ग’ अशी विशेषणे आढळतात. प्रस्तुत लेखाचा विषय कार्बन डॉट हा पदार्थ नसून त्याच्याविषयी निर्माण झालेले हे वाङ्मय आहे. ‘हरित’ हे विशेषण त्यात नेमके कशाला लावले जाते, कच्च्या मालाला, प्रक्रियेला की हाती आलेल्या उत्पादनाला, हा येथील प्रश्न आहे. तो केवळ शब्दाचा प्रश्न नाही. पदव्युत्तर प्रकल्प आणि पीएच.डी. यांसाठी हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या लक्षात घेता, रसायनशास्त्रातील एक पिढी पुराव्याचे कोणते निकष अंगी बाणवते, हे त्यावर अवलंबून आहे.

काजळीपासून संत्र्यापर्यंत

कार्बन डॉटचा शोध काहीसा योगायोगाने लागला. २००४ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात स्क्रिव्हेन्स आणि त्यांचे सहकारी विद्युत्-प्रज्योतीच्या काजळीतून एकभित्तीय कार्बन नलिका शुद्ध करीत होते. विद्युत्-संचारणाच्या पद्धतीने घटक वेगळे करताना त्यांना प्रकाशमान कणांचा एक अनपेक्षित पट्टा आढळला. कार्बन डॉट हे नाव रूढ केले ते क्लेमसन विद्यापीठातील या-पिंग सन यांच्या गटाने २००६ मध्ये. या गटाने ग्रॅफाइटवर लेसर रोखून कण मिळवले, नत्राम्लात उकळले आणि त्यांच्या पृष्ठभागावर बहुवारिकाचे आवरण चढवल्यानंतरच ते चमकू लागले. पुढच्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठातील चेंगदे माओ यांच्या गटाने मेणबत्तीची काजळी नत्राम्लात उकळून निरनिराळ्या रंगांचे कण वेगळे केले. घरोघरी समईवर धरणाऱ्या काजळीसारख्या पदार्थात असा प्रकाश दडलेला असावा, ही कल्पना मोहक होती यात शंका नाही. प्रत्यक्षात त्या कणांची क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे परत बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांची संख्या, दोनसुद्धा नव्हती. शिवाय तीव्र नत्राम्लाच्या वाफा सोसणाऱ्या पद्धतीला हरित म्हणण्याचे धाडस त्या वेळी कोणी केले नाही.

विशेषण आले ते २०१२ च्या सुमारास. त्या वर्षी राउरकेला येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि खरगपूर येथील आयआयटी येथील संशोधकांनी संत्र्याच्या रसापासून एकाच टप्प्यात कार्बन डॉट मिळवल्याचा निबंध प्रसिद्ध केला. १२० अंश सेल्सिअस तापमान, १५० मिनिटांचा अवधी आणि २६ टक्के क्वांटम यील्ड, ही त्यातील आकडेवारी तोपर्यंतच्या अनुभवाच्या तुलनेत विलक्षण होती. त्याच वर्षी चीनमधून गवत आणि पपनसाची साल यांवरील निबंध आले. २०१३ मध्ये आसाममधील तेजपूर विद्यापीठातून केळीच्या रसावरील निबंध आला. महाराष्ट्रही मागे नव्हता. अंबरनाथ येथील एस.आय.सी.ई.एस. महाविद्यालयातील नॅनोतंत्रज्ञान संशोधन केंद्राने २०१३ मध्येच शिंगाड्याच्या सालीच्या अर्कापासून, कोणताही बाह्य ऑक्सिडीकारक न वापरता, अवघ्या ९० अंश तापमानावर हिरवा प्रकाश देणारे कण मिळवल्याचे प्रसिद्ध केले. एका महाविद्यालयाच्या आवारातून असे काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकात जावे, ही घटना या क्षेत्राच्या लोकशाहीकरणाची साक्ष म्हणून नोंदवण्याजोगी आहे.

त्यानंतर मात्र एक साचा तयार झाला. फळ बदलायचे, तापमान थोडे बदलायचे, उरलेला निबंध तोच ठेवायचा. स्वयंपाकघर, बाग आणि मंडई यांतील बहुतेक वनस्पतिजन्य पदार्थ आज या यादीत जाऊन बसले आहेत.

कच्चा माल हरित, प्रक्रिया?

हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडली. पुनर्नवीकरणीय कच्चा माल वापरणे हे त्यांपैकी केवळ एक तत्त्व आहे. टाकाऊ पदार्थ मुळात निर्माणच होऊ न देणे, द्रावके व विलगीकरणाची साधने शक्यतो टाळणे वा निर्धोक ठेवणे, ऊर्जेची बचत करणे, वापरानंतर विघटन होईल असे उत्पादन योजणे ही तत्त्वे तितक्याच महत्त्वाची, किंबहुना प्रस्तुत संदर्भात अधिक महत्त्वाची आहेत. कार्बन डॉटविषयक वाङ्मयात मात्र बारांपैकी एका तत्त्वावर संपूर्ण विशेषणाचा भार टाकलेला दिसतो. संत्रे झाडाला लागते, म्हणून पद्धत हरित. असा हा न्याय आहे.

संत्र्याच्या रसावरील मूळ निबंध या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्यात ४० मिलिलिटर गाळलेला रस ३० मिलिलिटर इथेनॉलमध्ये मिसळून ऑटोक्लेव्हमध्ये तापवलेला आहे. क्रिया पूर्ण झाल्यावर मिळालेले गडद तपकिरी द्रावण डायक्लोरोमिथेनने धुतले आहे, जेणेकरून क्रियेत न उतरलेले सेंद्रिय घटक निघून जावेत. पुढे भरपूर अॅसिटोन घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून कण वेगळे केले आहेत. निबंधाच्या लेखकांनी हे सारे प्रामाणिकपणे नमूद केले आहे, आणि तो त्यांचा गुणच म्हणावा लागेल. परंतु डायक्लोरोमिथेन हे क्लोरीनयुक्त द्रावक कर्करोगाच्या संभाव्य धोक्यामुळे संशयित आहे, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक औद्योगिक व सर्व घरगुती वापरांवर बंदी घातली. संत्र्याचा उल्लेख शीर्षकात होतो आणि डायक्लोरोमिथेनचा प्रयोगविधीच्या परिच्छेदात. वाचक आणि उद्धृत करणारे पुढे शीर्षकच नेतात.

याचा ताळेबंद मांडणे अवघड नाही. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये सुचवलेला ई-गुणक, म्हणजे एक किलोग्रॅम उत्पादनामागे निघणारा टाकाऊ पदार्थ, हा त्यासाठी सर्वांत साधा मापदंड आहे. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तो ०.१ च्या आसपास असतो आणि औषधनिर्मितीत २५ ते १००, कधी त्याहूनही अधिक. उदाहरणादाखल, एका घाणीतून शंभर मिलिग्रॅम कार्बन डॉट मिळाले आणि त्यासाठी एकूण शंभर ग्रॅम द्रावके व शेष पदार्थ टाकावे लागले असे धरले, तर ई-गुणक हजारावर जातो. औषध उद्योगाला नावे ठेवण्याचा अधिकार मग उरत नाही. हा गुणक या वाङ्मयात क्वचितच दिला जातो. त्याचे कारण असे की तो काढण्यासाठी उत्पादनाचे वजन माहीत असावे लागते, आणि अनेक निबंधांत नेमके तेच दिलेले नसते. रसाचे परिमाण मिलिलिटरमध्ये, तापमान अंशांत, व्यास नॅनोमीटरमध्ये, आणि शेवटी हाती किती आले याबद्दल मौन, हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे की त्याची सवयच होऊन गेली आहे.

ऊर्जेचा हिशेब आणखी बोलका आहे. जलऔष्णिक पद्धतीत १८० अंशांवर बारा तास हा परिपाठ झाला आहे. प्रयोगशाळेतील लहान ओव्हन तापमान गाठल्यावर मधूनमधून बंद-चालू होतो, म्हणून त्याचा सरासरी वापर अर्धा किलोवॅट धरला, तरी एका क्रियेस सहा युनिट वीज लागते. भारतातील वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा मोठा असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे शंभर मिलिग्रॅम पदार्थासाठी चार किलोग्रॅमहून अधिक, वजनाच्या हिशेबाने चाळीस हजार पट. एकाच वेळी दहा ऑटोक्लेव्ह ओव्हनमध्ये ठेवले तर हा आकडा एकदशांशावर येईल हे खरे. पण तसे कोणी केले असल्यास त्याचा उल्लेख करण्याचे कारण कोणाला वाटलेले दिसत नाही.

शुद्धीकरणाकडे तर जवळजवळ दुर्लक्षच झाले आहे. डायलिसिसच्या पिशवीत द्रावण भरून ती दोन लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवायची आणि दर सहा तासांनी पाणी बदलत अठ्ठेचाळीस तास घालवायचे, असा विधी धरला तर सोळा लिटर पाणी लागते. एक लिटर पाणी उकळून वाफ करण्यास, उष्णता परत मिळवण्याची सोय नसेल तर, किमान ०.७ युनिट वीज खर्ची पडते. सोळा लिटरांना अकरा युनिटांहून अधिक. म्हणजे ज्या ओव्हनवर सगळी चर्चा केंद्रित होते त्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा पाण्याच्या त्या भांड्यात जाते. शिवाय ऊर्ध्वपातन यंत्राला थंड करण्यासाठी नळाचे जे पाणी वाहून जाते ते वेगळेच. उलट-परासरण वा आयन-विनिमय पद्धतीचे पाणी वापरले तर हा खर्च पुष्कळ घटेल. शाश्वततेच्या दृष्टीने ही सुधारणा नवे फळ शोधण्यापेक्षा कितीतरी अधिक फलदायी ठरेल, पण तिच्यावर शोधनिबंध होत नाही.

‘टाकाऊपासून टिकाऊ’ हा दुसरा लोकप्रिय दावाही तपासून घ्यावा लागतो. पपनसाची वा शिंगाड्याची साल खरोखर टाकाऊ आहे. संत्र्याचा रस, केळी, सोयाबीनचे दूध हे अन्न आहे. उसाच्या बगॅसला तर या वाङ्मयात सर्रास टाकाऊ कचरा म्हटले जाते. महाराष्ट्रातील कोणत्याही साखर कारखान्याच्या बॉयलरजवळ उभे राहिलेल्या माणसाला हे विधान चमत्कारिक वाटेल. बगॅस हे कारखान्याचे इंधन आहे, सहवीजनिर्मितीचा तो आधार आहे, त्याला बाजारभाव आहे आणि तो कागद उद्योगालाही लागतो. ज्याला किंमत आहे त्याला कचरा म्हणणे ही रसायनशास्त्रातील चूक नव्हे, अर्थशास्त्रातील आहे.

याच संदर्भात ‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ या द्वंद्वाचा पोकळपणाही दिसतो. २०१३ मध्ये चीनमधील जिलिन विद्यापीठातील बाई यांग यांच्या गटाने सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमीन यांपासून सुमारे ८० टक्के क्वांटम यील्ड असलेले कार्बन डॉट तयार केले. हरित पद्धतींच्या समर्थकांना हा मार्ग ‘रासायनिक’ वाटतो. पण सायट्रिक आम्ल आज लिंबापासून नव्हे, तर अस्परजिलस नायजर या बुरशीकडून मळीसारख्या शर्करायुक्त पदार्थांच्या किण्वनाने मिळते. जेम्स करी यांनी १९१७ मध्ये दाखवून दिलेला तो मार्ग सर्वस्वी जैविक आहे. संत्र्याच्या रसात कार्बन पुरवणारे प्रमुख घटक तरी कोणते? शर्करा, सायट्रिक आम्ल आणि अॅस्कॉर्बिक आम्लच. बाटलीतून आले म्हणजे रसायन आणि सालीतून आले म्हणजे निसर्ग, ही विभागणी जाहिरातीत शोभते. इथिलीनडायअमीन खनिज तेलजन्य आणि दाहक आहे, हा आक्षेप मात्र योग्य आहे आणि तोच स्पष्टपणे मांडला गेला पाहिजे.

८० टक्के आणि २६ टक्के यांची तुलना आणखी एक मुद्दा पुढे आणते. दिव्यासाठी वा पेशींच्या चित्रणासाठी लागतो तो प्रकाश, ग्रॅम नव्हेत. तिप्पट चमकणारा पदार्थ एकतृतीयांश लागेल, म्हणून पर्यावरणीय भार प्रति ग्रॅम मोजायचा की प्रति प्रकाश, यावर पद्धतींची क्रमवारी पार बदलू शकते. पोर्तुगालमधील पोर्टो विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये सायट्रिक आम्ल व युरिया यांवर आधारलेल्या मार्गांचे जीवनचक्र-मूल्यमापन प्रसिद्ध केले. हिशेबाची अशी शिस्त शक्य आहे, हे त्या कामाने दाखवले. फळा-पानांच्या मार्गांच्या बाबतीत ती अजून अपवादानेच आढळते.

चमकते ते काय?

आतापर्यंतचे विवेचन कार्बन डॉट तयार होतात हे गृहीत धरून केले. ते गृहीतक सर्वत्र टिकते काय, हा या वाङ्मयातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे.

वनस्पतींच्या अर्कात मुळातच अनुस्फुरण दाखवणारे, म्हणजे अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश देणारे रेणू असतात. हरितद्रव्य ६७० ते ६८० नॅनोमीटरच्या आसपास तांबडे चमकते, रायबोफ्लेविन हिरवे, अनेक पॉलिफिनॉल निळसर. पानांच्या इथेनॉलमधील अर्कापासून ‘तांबडे कार्बन डॉट’ मिळाल्याचे वाचले की प्रथम शंका यावी ती हरितद्रव्याच्या अवशेषांची. शंका दूर करणे फारसे कठीण नाही. न तापवलेल्या अर्काचा वर्णपट तापवलेल्याच्या शेजारी ठेवावा, एवढेच. तरीही असा शेजार दाखवणारे निबंध कमीच आढळतात.

तापवल्यानंतर तयार होणाऱ्या नव्या रेणूंचा प्रश्न त्याहून बिकट आहे. बाई यांग यांच्याच गटाने २०१५ मध्ये आपल्या ८० टक्के यील्डच्या पदार्थाची फेरतपासणी केली, तेव्हा त्या तेजस्वी निळ्या प्रकाशाचा मोठा भाग कार्बनच्या गाभ्यातून नव्हे, तर सायट्रिक आम्ल व इथिलीनडायअमीन यांच्या संयोगाने बनलेल्या आयपीसीए नावाच्या एका लहान सेंद्रिय रेणूतून येतो, असे निष्पन्न झाले. आपल्या सर्वाधिक गाजलेल्या निष्कर्षाला आपणच सुरुंग लावण्याचे हे उदाहरण संशोधनाच्या नीतीचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठातील गॅरी बेकर यांच्या गटाने हा प्रश्न व्यापक पातळीवर मांडला. अपुऱ्या शुद्धीकरणामुळे मागे राहिलेले अनुस्फुरक रेणू कार्बन डॉटच्या नावावर खपतात आणि त्यामुळे क्वांटम यील्डपासून धातुआयनांच्या शोधापर्यंतची मोजमापे दूषित होतात, असे या गटाने दाखवून दिले. विशेष म्हणजे याच गटाने दोन वर्षांपूर्वी मूत्रापासून कार्बन डॉट बनवल्याचा निबंध प्रसिद्ध केला होता. म्हणजे ही टीका बाहेरच्यांची नव्हे, भट्टीशी बसलेल्यांचीच आहे.

या प्रकाशात रूढ पुराव्यांची किंमत नव्याने ठरवावी लागते. उद्दीपक तरंगलांबी बदलली की उत्सर्जित रंग बदलतो, हे कार्बन डॉटचे लक्षण मानले जाते. पण निरनिराळ्या तरंगलांब्या शोषणाऱ्या चार-सहा रेणूंचे साधे मिश्रणही तेच करील. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात दोन ते पाच नॅनोमीटरचे ठिपके दिसतात, पण दिसणारे ठिपके आणि चमकणारे घटक एकच आहेत, हे त्या चित्राने सिद्ध होत नाही. क्विनीन सल्फेटशी तुलना करून काढलेली क्वांटम यील्ड तर द्रावणात जे काही चमकते त्या सगळ्याची असते, मग ते कण असोत वा रेणू.

येथे या क्षेत्रातील खरा पेच समोर येतो. ऊर्जा वाचवायची तर तापमान उतरवले पाहिजे, या दृष्टीने अंबरनाथच्या कामातील ९० अंश ही जमेची बाजू आहे. परंतु फ्रुक्टोजसारखी शर्करा जळू लागते ती सुमारे ११० अंशांच्या पुढे, आणि साखर सुमारे १६० अंशांच्या. प्रक्रिया जितकी सौम्य, तितका कार्बनीकरण खरोखर झाले आहे याचा पुरावा अधिक काटेकोर हवा. हा आक्षेप एका निबंधापुरता नसून सौम्य तापमानाच्या सगळ्याच मार्गांना लागू पडतो. हरितता आणि कार्बन असणे ही दोन उद्दिष्टे परस्परांना ताण देतात. त्या ताणाचा उल्लेख टाळून दोन्हींचे श्रेय घेता येत नाही.

आणि चमकणारा घटक रेणूच निघाला तर? तर तुलनेचा सारा संदर्भ बदलतो. कार्बन डॉटची तुलना नेहमी कॅडमियम सेलेनाइडच्या क्वांटम डॉटशी केली जाते. अशा अर्धवाहक कणांच्या शोधासाठी एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, पण कॅडमियम विषारी आहे आणि युरोपीय संघाच्या नियमांनुसार विद्युत उपकरणांतील त्याचे प्रमाण ०.०१ टक्क्यांवर जाऊ नये असे बंधन आहे. त्याच्या शेजारी कोणताही पदार्थ सोज्ज्वळ दिसेल. परंतु पाण्यात विरघळणारे चमकदार सेंद्रिय रेणू मानवाला नवे नाहीत. आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवलेल्या फ्लुओरेसिनची क्वांटम यील्ड ९० टक्क्यांहून अधिक आहे, ते स्वस्त आहे आणि डोळ्यांच्या तपासणीत शिरेतून दिले जाते. फळांच्या रसातून मिळालेल्या २६ टक्क्यांची तुलना त्याच्याशी का होत नाही, हे विचारणे औचित्याला धरून आहे.

उपयोजनांच्या दाव्यांबाबत थोडक्यातच लिहिणे पुरेसे होईल. फेरिक आयनामुळे प्रकाश मंदावतो, म्हणून हे कण लोहाचे संवेदक आहेत, असे असंख्य निबंध सांगतात. फेरिक आयन स्वतःच निकट-अतिनील प्रकाश शोषतो. दिव्याचा प्रकाश कणांपर्यंत पोहोचण्याआधी त्याने गिळला तर कण मंद दिसणारच. चष्म्यावर गडद काच चढवली म्हणून डोळ्यांचा दोष निघत नाही. ही अंतर्गत गाळणीची दुरुस्ती करून मगच संवेदनाचा दावा करायला हवा.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने

या दोषांची कारणे केवळ वैज्ञानिक नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुणांक जोडले. पुढे २०१८ मध्ये ती पद्धत बदलली, तरी निबंधांची संख्या मोजण्याची सवय संस्थांच्या अंगात मुरून गेली आहे. ज्या प्रयोगाला आठवड्याभराचा वेळ आणि बाजारातून आणलेले फळ पुरते, त्याकडे कल वाढणे स्वाभाविक होते. त्यासाठी कोणा एकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. अध्यापनाचा भार, अपुरे अनुदान आणि दूरच्या उपकरणकेंद्रात नमुने पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहण्याची वेळ, हे सारे सोसून जे काम होते त्याचे मोल आहेच.

परंतु येथेच एक विसंगती लक्षात येते. वर उपस्थित केलेले बहुतेक प्रश्न सोडवण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. उत्पादनाचे वजन करण्यास तराजू लागतो. विजेचा हिशेब ठेवण्यास ओव्हनच्या प्लगला लावायचा साधा मीटर लागतो. डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्याचा वर्णपट घेण्यास तेच उपकरण लागते जे आतल्या द्रावणासाठी वापरले आहे. बाहेरचे पाणीही तितकेच चमकत असेल, तर प्रकाश लहान रेणूंचा आहे हे एका दुपारीत कळते. ज्या प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक परवडत नाही, तिला हे निश्चितच परवडते. मर्यादित साधनांच्या महाविद्यालयांनी या क्षेत्राला देता येण्याजोगे सर्वांत मोलाचे योगदान नेमके हेच आहे, आणि अद्ययावत संस्थांना त्यात रस नसल्याने मैदान मोकळेही आहे.

याचे एक ठोस उदाहरण देता येईल. नैसर्गिक कच्च्या मालावरील सर्वांत रास्त आक्षेप पुनरावृत्तीचा आहे. फळाची जात, जमीन, पाणी आणि हंगाम यांनुसार रसाचे घटक बदलतात. मग एका घाणीचे कण दुसऱ्या घाणीसारखे कशावरून? नागपुरी संत्र्याला अंबिया आणि मृग असे दोन बहार येतात आणि दोहोंतील रसाचे आम्ल-शर्करा प्रमाण सारखे नसते. दोन्ही बहारांची फळे, ठराविक बागांतून, सलग तीन वर्षे घ्यायची. प्रत्येक रसातील शर्करा, सायट्रिक आम्ल व अॅस्कॉर्बिक आम्ल अनुमापनाने मोजायचे. क्लोरीनयुक्त द्रावक पूर्णपणे वगळून एकाच तापमानावर क्रिया करायची. उत्पादनाचे वजन, विजेची युनिटे, वापरलेले पाणी आणि डायलिसिसच्या आतबाहेरचा प्रकाश यांची नोंद ठेवायची. याच्या जोडीला तितकीच शर्करा व आम्ले असलेले कृत्रिम मिश्रण त्याच ऑटोक्लेव्हमध्ये तापवायचे, म्हणजे संत्र्याचे असे काही वेगळेपण उरते की नाही हेही कळेल. वरूड, काटोल वा मोर्शी परिसरातील एखाद्या विज्ञान महाविद्यालयाला हे काम बी.एस्सी. व एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांकडून, बागाईतदारांच्या सहकार्याने, सहज उभारता येईल. बहार कोणता, फळ कधी तोडले, झाडाला पाण्याचा ताण किती दिवस दिला, ही माहिती तेथील विद्यार्थ्याला घरीच मिळते.